म्हाळूआबांचा माळढोक

माझ्या नाकापुढे एक मेंढी उभी होती आणि तिला हलायचं नव्हतं. अंगावर घोंगडी, घोंगडीखाली मी, माझ्या पोटाशी कॅमेरा आणि कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स. बाहेर श्रावण होता, पण घोंगडीच्या आत वैशाख चालू होता. मानेवरून घामाचे ओघळ उतरत होते, लोकर टोचत होती आणि ती मेंढी निवांत रवंथ करत होती.

"आबा, हिला जरा हलवा की," मी कुजबुजलो.

"ती हालंल तिच्या मनानं," शेजारी उकिडवे बसलेले म्हाळूआबा म्हणाले. "तुमी हलू नका म्हंजे झालं. पाखरू मेंढरं मोजत न्हाई, पर मानूस मोजतं."

"पण आहे कुठं ते?"

"त्या तरवडाच्या झुडपाच्या डाव्या अंगाला बगा. दगूड दिसतोय न्हवं?"

"दिसतोय."

"त्यो दगूड न्हाई."

मी लेन्स तिकडे वळवली. दगडाने डोळा मिटला आणि उघडला. सहा वर्षं मी पाखरांच्या मागे उन्हातान्हात फिरत होतो, पण अंड्यावर बसलेली माळढोकाची मादी तोवर कधी पाहिली नव्हती. माळावरचा हा सगळ्यात मोठा पक्षी. मान ताणून उभा राहिला की सहज कमरेला येईल. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते आणि धोका दिसला की उठून चालायला लागते. ती उठली की अंड्यावर कावळे टपलेलेच असतात. म्हणून मी घाबरत होतो, आणि घाबरत होतो तरी आलो होतो. अंड्यावरच्या पाखराजवळ जाऊ नये हे आज शाळेतली मुलंही सांगतात. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे.

या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. बार्शीत माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, परीक्षेच्या फॉर्मवरचे फोटो, यांवर घर चालायचं. उरलेल्या वेळात पाखरं. बायको म्हणायची, "नवरीचा फोटो पाच मिनिटांत उरकता आणि बगळ्याला पाच तास!" ते खरंच होतं. नवरी पळून जाणार नव्हती.

दरवर्षी मी पुण्याच्या एका स्पर्धेला फोटो पाठवायचो आणि दरवर्षी ते परत यायचे. शेवटच्या वेळी पाकिटात परीक्षकांची चिठ्ठी होती. 'पक्षी उत्तम टिपला आहे, पण चौकटीत गर्दी फार. मुख्य विषय सोडून बाकीचे सगळे बाहेर ठेवायला शिका.' ती चिठ्ठी मी डार्करूमच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवली होती. अपमान म्हणून नव्हे, धडा म्हणून.

आणि एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा धनगर स्टुडिओत आला. भिंतीवरच्या नवरानवरींकडे त्याने आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "मानसांचं ऱ्हाऊ द्या. पाखराचा फोटू काडता का?"

हे म्हाळू शेंडगे, खडकेवाडीचे. त्यांच्या गावामागच्या माळावर माळढोक यायचे. ते राखायचे म्हणून माळ चराईला बंद करावा असं कुणी तरी वर लिहून पाठवलं होतं, आणि चौकशीला एक समिती यायची होती. पुढच्या सोमवारी.

"त्यांचं म्हननं असं, की आमच्या मेंढरांपायी पाखरू बुजतंय," म्हाळूआबा सांगत होते. "मी म्हनलं, आवो, माझ्या आज्याच्या टायमापासून ती संगट हायती. मेंढरं चरत्यात, पायातलं किडं उडत्यात, ते पाखरू येचून खातंय. तर ते म्हनले, पुरावा द्या. आता पुरावा म्हंजी काय, तर फोटू. पाखरू आन मेंढरं एका फोटूत पायजेत. तेवढं काडून द्या. माळ गेला तर ऐंशी मेंढरं घिऊन मी कुटं जाऊ?"

"आणि पाखरू जवळ येऊ देईल?"

"तुमाला न्हाई येऊ देनार. मला देतंय. तुमी माझ्यात या."

म्हणजे काय, ते मला बुधवारी माळावर गेल्यावर कळलं. त्यांची दुसरी घोंगडी डोक्यावरून घ्यायची, कमरेत वाकायचं आणि कळपाच्या मधोमध कळपाच्याच चालीने जायचं. कळप थांबला की बसायचं. कळप उठला की उठायचं. मध्येच घोंगडी टाकून उभं राहायचं नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"त्याचा इस्वास घोंगडीवर हाय, पावणं. त्यातनं भलताच मानूस निगाला, तर उद्या मलाबी भील."

पहिल्या दिवशी आम्ही शंभर पावलांवर थांबलो, दुसऱ्या दिवशी साठ. दुपारी म्हाळूआबांची सून बायडा भाकरी घेऊन यायची. अंडं पहिल्यांदा तिनेच पाहिलं होतं. नवरा कारखान्यावर कामाला, त्यामुळे सासऱ्याच्या बरोबरीने मेंढरं तीच बघायची. बाई तोंडाची फटकळ होती.

"दादा, त्या नळकांड्यात आमची मेंढरं मावत्याल का?" लेन्सकडे बघत तिने विचारलं.

"ही काढून छोटी लावायची. मग मावतील."

"मग लावा की."

"लावतो. आधी पाखरू नीट मिळू दे."

"पाखरू कुटं जातंय! मेंढरं घ्या आदी," ती म्हणाली आणि चटणीवर कांदा फोडून माझ्यापुढे सरकवला.

तिसरा दिवस शुक्रवार. ज्या मेंढीपासून मी ही गोष्ट सुरू केली, ती याच सकाळची. आम्ही तीस पावलांवर पोचलो होतो. फिल्मच्या दोन रोळांपैकी एक संपला होता, दुसऱ्यात नऊ फोटो शिल्लक होते. छोटी लेन्स पिशवीत होती आणि पिशवी माझ्या गुडघ्याखाली.

मेंढी एकदाची हलली. त्याच वेळी ढग बाजूला झाले, तिरपं ऊन गवतावर पसरलं आणि मादी उठून उभी राहिली. पळायला नव्हे. तिने मान खाली घातली आणि चोचीने अंडं हलकेच फिरवलं, आई निजलेल्या पोराची कूस बदलते तसं.

आणि एक कोकरू बागडत बागडत थेट तिच्याजवळ गेलं. दोन हातांवर थांबून ते तिच्याकडे बघत राहिलं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा अंड्यात लक्ष घातलं. मागे आठ-दहा मेंढ्या चरत होत्या.

"आता काडा," म्हाळूआबा कुजबुजले. "पावणं, आता काडा, आता! ह्योच त्यो फोटू!"

मी डोळा लावला. चौकटीत मादी, तिच्या पिसांवर ऊन, चोचीखाली अंडं. आणि उजव्या कोपऱ्यात कोकराचं ढुंगण. मागे मेंढ्यांचे मळकट ठिपके. मी काय केलं ते आजही माझ्या हातांना आठवतं. लेन्स केसभर डावीकडे सरकवली. कोकरू बाहेर गेलं. मग गुडघ्यावर थोडा खाली झालो, तशा मेंढ्याही गवताच्या रेघेआड गेल्या. आता तिथे फक्त ती होती. रिकामा माळ, ऊन आणि ती. मी कळ दाबली. पुन्हा दाबली. कोकरू परत आत डोकावलं तेव्हा थांबलो, ते गेल्यावर पुन्हा दाबली. नऊच्या नऊ.

"काडला?" म्हाळूआबांनी विचारलं.

"काढला."

"मेंढरं आली?"

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. रोळ संपला, उद्या नवा आणतो, छोटी लेन्स लावून मेंढरांचा काढतो, एवढंच. पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता, आणि मला इतका आनंद झाला होता, की त्यात अडचण नको वाटली. मेंढरांचा फोटो काय, उद्या कधीही काढता येईल, असं मी मनात म्हटलं.

"आली," मी म्हणालो.

त्यांनी घोंगडीखालून हात घालून माझा गुडघा घट्ट दाबला.

शनिवारी सकाळी मी बार्शीहून नवे रोळ घेऊन पोचलो, तर वाटेवरच बायडा भेटली. ओंजळीत अंड्याच्या कवचाचे तुकडे.

"पिल्लू निगालं दादा! पहाटंच आईमागं तुरुतुरु गेलं बगा. मामंजी गूळ वाटत्यात."

म्हाळूआबांनी माझ्याही हातावर गुळाचा खडा ठेवला. "गुनाचं पाखरू. आपला फोटू हुईस्तवर थांबलं," ते म्हणाले. दिवसभर मी माळ पालथा घातला. मादी दिसली नाही, पिल्लू दिसलं नाही. कशासाठी एवढा फिरतोय म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणालो, आणखी एखादा मिळतो का बघतो. गूळ मी खिशात घातला होता, तो तिथेच वितळला.

रविवारी दुपारी डार्करूममध्ये बसलो. नऊही फोटो असे उतरले होते, की माझे मीच बघत राहिलो. आयुष्यात तसा फोटो ना आधी काढला होता, ना नंतर जमला. मग मी शनिवारचा रोळ धुतला. त्यात त्याच जागेवर, त्याच तरवडाजवळ चरणारी मेंढरं होती. आमच्या धंद्यात दोन निगेटिव्हांचा एक फोटो करणं ही नेहमीची गोष्ट. वारलेल्या आजोबांना मी नातवाच्या लग्नात उभं केलेलं होतं. तासाभरात मी मेंढरं पाखरामागे आणून ठेवली. जोड कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं असतं.

तो फोटो मी उजेडात धरला आणि मला लाज वाटली. समितीपुढे बनावट फोटो ठेवायचा? मी पाखरांचा फोटोग्राफर होतो, सोंगाड्या नव्हतो. मी तो फाडला आणि खरा फोटो पाकिटात घातला. शुक्रवारी माळावर जे होतं ते त्या फाडलेल्या फोटोत होतं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी स्वतःच्या प्रामाणिकपणावर खूष होतो.

सोमवारी खडकेवाडीच्या शाळेत समिती बसली. प्रमुख होते सबनीस म्हणून एक निवृत्त प्राध्यापक. सडपातळ, हळू आवाजात बोलणारे, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. माणूस वाईट नव्हता. तसा असता तर मला सोपं गेलं असतं. म्हाळूआबा धुतलेला पटका बांधून आले होते. बायडा दाराशी उभी होती.

"आमचा पुरावा ह्यो," म्हाळूआबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पावणं, दावा."

मी पाकीट टेबलावर ठेवलं. सबनीसांनी चष्मा वर केला, फोटो बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला.

"अप्रतिम," ते शेवटी म्हणाले. "इतक्या जवळून! अहो, हा फोटो राज्यभर गाजेल."

"आन मेंढरं बगा, सायेब," म्हाळूआबा पुढे झुकले. "कोकरू बगा किती जवळ हाय!"

"मेंढरं?" सबनीसांनी फोटो त्यांच्यापुढे धरला. "यात मेंढरं कुठे आहेत?"

म्हाळूआबांनी फोटो दोन्ही हातांत घेतला. जवळ धरला, लांब धरला. मग उलटा करून मागच्या बाजूला पाहिलं. तिथे माझ्या स्टुडिओचा शिक्का होता. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. काय झालं ते मी सांगेन आणि सगळं नीट होईल, अशी ते वाट बघत होते.

साहेब, मेंढरं होती, मी ती चौकटीबाहेर ठेवली. एवढंच म्हणायचं होतं. पण शुक्रवारी 'आली' म्हणून सांगितलेलं मला इतक्या लोकांसमोर खोटं ठरवावं लागलं असतं, आणि सबनीसांचं 'अप्रतिम' अजून माझ्या कानात होतं. मी खाली बघत राहिलो.

म्हाळूआबांनी मला किती वेळ दिला कोण जाणे. मग ते घसा खाकरून म्हणाले, "त्येंची चूक न्हाई, सायेब. मीच मेंढरं मागं वडली. फोटूच्या टायमाला."

"का बरं?"

"पाखरू..." म्हाळूआबा अडखळले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. "पाखरू बुजंल म्हनून."

सबनीसांनी मान हलवली आणि पेन उघडलं. "म्हणजे मेंढरांमुळे पाखरू बुजतं, हे तुम्हालाही मान्य आहे."

म्हाळूआबांना आपण काय बोललो ते उमगलं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. शब्द फिरवायचा तर मला उघडं पाडावं लागलं असतं, आणि मी त्यांचा पाहुणा होतो. पेन कागदावर चालत होतं. मला अजून वेळ होता. सबनीसांनी ओळ पूर्ण केली, खाली तारीख घातली, अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली, तेवढा सगळा वेळ मला होता. म्हाळूआबांनी अंगठा उठवला. बायडा दारातून निघून गेली होती.

दिवाळीनंतर माळ चराईला बंद झाला. माझ्या फोटोला पुण्यात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी चौकटीच्या स्वच्छतेचं खास कौतुक केलं. माळाच्या तोंडाशी 'चराईस सक्त मनाई' असा फलक लागला, त्यावरही तोच फोटो होता. मला विचारून, माझ्या नावासकट.

म्हाळूआबांनी मला एकच निरोप पाठवला, की फोटोची एक प्रत द्या. मी मोठी करून, काच घालून, फ्रेम करून एसटीने पाठवून दिली. स्वतः गेलो नाही.

गेलो ते चार वर्षांनी. माळावर गवत कमरेएवढं वाढलं होतं. माळढोक पुन्हा आले नाहीत असं गावात ऐकलं. गवतामुळे की आणखी कशामुळे, ते मी सांगू शकत नाही, तेवढं मला कळत नाही. मेंढरं पहिल्याच वर्षी विकली गेली होती. म्हाळूआबा मी गेलो त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वारले होते. हे सगळं मला पारावरच कळलं. तिथून परत फिरावं असं फार वाटलं, पण पाय त्यांच्या घराकडे गेले.

बायडाने मला ओळखलं. 'या' म्हणाली नाही, 'जा'ही म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

आतल्या भिंतीवर माझा फोटो टांगलेला होता. आणि फोटोच्या चारी बाजूंनी, मातीने सारवलेल्या अख्ख्या भिंतीवर चुन्याने मेंढरं काढलेली होती. लहान, मोठी, चरणारी, मान वळवून बघणारी. फ्रेमच्या उजव्या कडेला, अगदी चिकटून, एक कोकरू.

"मामंजी सांगायचं, मी काडायची," बायडा म्हणाली. "कोन कुटं व्हतं ते समदं त्येंच्या ध्यानात व्हतं. ही काळतोंडी. ही लंगडी. ही गाभन. शेवटच्या आजारात बी झोपल्या झोपल्या सांगायचं, आगं, ही हिकडं न्हाई, तरवडाच्या पल्याड व्हती. मग मी पुसून परत काडायची."

मेंढरांच्या मध्ये दोन माणसं बसलेली होती. दोघांच्याही डोक्यावर घोंगडी. एकाच्या हातात काठी होती.

"आणि हा दुसरा?" मी विचारलं, कळलं होतं तरी.

"तुमी."

मी भिंतीशी खाली बसलो आणि रडलो, त्या बाईसमोर, लाज न बाळगता. तिने रडू दिलं. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "आबा माझ्याबद्दल काय म्हणायचे?"

"काय म्हननार? पावणं म्हनायचं."

खांद्याच्या पिशवीत कॅमेरा होता. तो बाहेर काढायला हात धजेना. शेवटी विचारलं, "बायडाबाई, या भिंतीचा एक फोटो काढू?"

तिने माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काडा," ती म्हणाली. "पर ह्या बारीला समदं येऊ द्या."

मी डोळा लावला आणि मागे सरकलो. काळतोंडी आली, गाभण आली, लंगडी अर्धीच आली. आणखी मागे सरकलो. पाठ दाराच्या चौकटीला लागली, तिथून उंबरा ओलांडून अंगणात आलो, उन्हात. तरी एका टोकाची दोन मेंढरं राहतच होती.

"अजून मागं," बायडा आतून म्हणाली.